कृष्णेत मासे भरपूर आहेत, पण कोणते?

धोम धरणाच्या वरच्या अंगाला, जोर खोऱ्यात, दिवाळीनंतरची कृष्णा म्हणजे गोट्यांवरून पळणारा ओढा. तिथला मळ्या मासा बोटभर लांबीचा. हनुवटीखालच्या चकतीने तो दगडाला चिकटून बसतो आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. तीच नदी सांगलीत आयर्विन पुलाखाली येते तेव्हा बंधाऱ्याने अडलेली, संथ आणि हिरवट असते. तिथे फेकजाळं टाकलं की बहुतेक वेळा चिलापीच भरून येते. नदी एक, जिल्हे शेजारी, पण मासे एकमेकांना ओळखणारही नाहीत इतके वेगळे.

असं का, म्हणून विचारलं तर बहुतेक जण एका वाक्यात उत्तर देतात: सांगलीत पाणी घाण झालंय. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. उद्या शेरीनाल्याचं सांडपाणी नदीत यायचं पूर्ण थांबलं आणि एकाही कारखान्याचा थेंब नदीत आला नाही, तरी मळ्या सांगलीच्या त्या संथ पाण्यात येऊन राहणार नाही. त्याला चिकटायला दगड नाही, दगडावर ऊन पोचत नाही, आणि पाणी पळत नाही. माशाच्या दृष्टीने पाण्याची ‘स्थिती’ म्हणजे प्रयोगशाळेतला शुद्धतेचा दाखला नव्हे. पाणी किती वेगाने जातं, किती खोल आहे, तळाशी काय आहे, किती गार आहे, त्यात किती ऑक्सिजन विरघळला आहे, कोणत्या महिन्यात वाढतं आणि कोणत्या महिन्यात आटतं, हे सगळं त्यात आलं.

विविधता मोजतात कशी

आधी एक गोंधळ दूर करू. ‘मासे खूप’ आणि ‘माशांच्या जाती खूप’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाजारात किलोचा हिशोब चालतो, त्यामुळे जाळं जड लागलं की नदी चांगली, असं वाटणं साहजिक आहे.

समजा, दोन ठिकाणी जाळं टाकलं आणि दोन्हीकडे शंभर मासे मिळाले. दोन्हीकडे जाती दहाच. पहिल्या जाळ्यात प्रत्येक जातीचे दहा-दहा मासे आहेत. दुसऱ्यात एका जातीचे ९१ आणि उरलेल्या नऊ जातींचा एकेकच. जातींची यादी केली तर दोन्ही जागा सारख्याच दिसतील. म्हणून अभ्यासक जातींची संख्या आणि त्यांच्यातली वाटणी दोन्ही धरणारा एक आकडा काढतात. त्याला शॅनन निर्देशांक म्हणतात. पहिल्या जाळ्याचा निर्देशांक येतो २.३ आणि दुसऱ्याचा फक्त ०.५. दुसऱ्या ठिकाणच्या नऊ जाती कागदावर जिवंत असतात, पण एक वाईट उन्हाळा त्यांना पुसून टाकायला पुरतो.

कृष्णेच्या खोऱ्यात हा आकडा खाली घसरतो तो बहुतेक वेळा असाच. जाती एका रात्रीत नाहीशा होत नाहीत. आधी त्या विरळ होतात, मग ‘कधीतरी मिळतो’ या सदरात जातात, आणि मग फक्त जुन्या भोयांच्या बोलण्यात उरतात.

गमावण्यासारखं आपल्याकडे बरंच आहे. कोयनेत माशांच्या पन्नासहून अधिक जातींची नोंद झालेली आहे. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णनं केली. महसीर, कोळस, नुकटा, मळ्या हे सगळे त्यातलेच. यातला नुकटा जगात फक्त दख्खनच्या नद्यांमध्ये सापडतो. त्याच्या तोंडाच्या वर खोल खाच आणि तिच्यापुढे शिंगासारखा उंचवटा असतो, एकदा पाहिला की विसरत नाही. आज तो आंतरराष्ट्रीय लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे, आणि कोळसही त्याच यादीत असुरक्षित गटात आहे.

वेग आणि तळ

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो. सांगलीला त्याच्या जेमतेम दहावा हिस्सा, आणि जत-आटपाडीकडे त्याहूनही कमी. म्हणजे सांगलीत दिसणारं कृष्णेचं पाणी मुख्यतः घाटमाथ्याचं आहे. उतारही तसाच. घाटातून उतरताना नदी धावते, वाईनंतर चाल मंदावते, कराडला प्रीतिसंगमावर कोयना येऊन मिळते आणि पुढे सांगलीपर्यंत नदी सपाट, काळ्या मातीच्या प्रदेशातून वळणं घेत जाते.

उतार बदलला की तळ बदलतो. जोराचं पाणी माती आणि वाळू वाहून नेतं, मागे गोटे ठेवतं. मंद पाणी आधी वाळू टाकतं, मग गाळ. आणि तळ बदलला की मासा बदलतो. गोट्यांच्या फटीत लपणारे बारीक मासे, दगड खरवडणारा मळ्या, खळाळातून वर जाणारा महसीर हे एका बाजूला. वाळूत अंग घालून बसणारी वाम मधल्या पट्ट्यातली. डोहाच्या तळाशी मिशांनी चाचपत फिरणारा शिंगाळा, काठच्या गवतात दबा धरणारी मरळ ही संथ पाण्याची मंडळी. शहाणी नदी म्हणजे जिच्यात हे सगळे तुकडे आलटूनपालटून येतात: खळाळ, मग डोह, मग वाळूचा पट्टा, पुन्हा खळाळ. एक-दोन किलोमीटरच्या अंतरात इतकी वेगवेगळी घरं असली की जातीही तितक्याच राहतात.

आता यात बंधारा घाला.

कोल्हापुरी बंधाऱ्याची कल्पना शेतकऱ्याच्या दृष्टीने उत्तम आहे, यात वाद नाही. पावसाळा संपला की ऑक्टोबरात बरगे, म्हणजे अडवायच्या फळ्या, घालायचे, पाणी अडवायचं. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढायचे, पूर जाऊ द्यायचा. कृष्णा, वारणा, पंचगंगा या नद्यांवर असे बंधारे ओळीने आहेत. पण नदीकडून पाहिलं तर प्रत्येक बंधाऱ्यामागे काही किलोमीटर लांब डोह तयार होतो. त्या लांबीतले खळाळ बुडतात. गाळ पुढे जायचा तो गोट्यांवर बसतो. एकाच्या फुगवट्याचं पाणी वरच्या बंधाऱ्याच्या पायथ्यापर्यंत पोचलं, तर मध्ये धावतं पाणी उरतच नाही. म्हणजे सात-आठ महिने नदी एकाच तऱ्हेच्या घरांची वसाहत होते, आणि तिथे संथ पाण्याचेच मासे नांदतात. यात एक ग्रॅमही प्रदूषण नाही. पाणी हवं तर प्या. तरीही जाती कमी होतात.

माझ्या मते कृष्णेच्या चर्चेत हा भाग सगळ्यात कमी बोलला जातो. मेलेल्या माशांचा खच फोटोत येतो. बुडालेला खळाळ फोटोत येत नाही.

गाळाने नेमकं काय होतं, तेही पाहायला हवं. महसीर धावत्या पाण्यात, गोट्यांच्या जागी अंडी घालतो. ती अंडी फटींमध्ये अडकतात आणि त्यांच्याभोवतून पाणी सतत फिरत राहतं. अंड्याला श्वास घ्यायला कल्ले नसतात. बाहेरून वाहणारं पाणीच त्याला ऑक्सिजन पोचवतं. फटीत गाळ बसला की पाणी फिरायचं थांबतं आणि अंडं आतल्या आत गुदमरतं. मोठा महसीर अशा नदीत अनेक वर्षं जगू शकतो, गळाला लागू शकतो, ‘अजून महसीर आहे’ अशी बातमीही होऊ शकते. पिल्लं मात्र नसतात.

वाळू उपशाचंही तेच. तळ खरवडला की खड्डे पडतात, बाजूची जाडी वाळू सरकून त्यात जाते आणि उपशाच्या खाली मैलभर पाणी गढूळ राहतं. पावसाळ्यातला गढूळपणा माशांना नवा नाही. आषाढातल्या लाल पाण्यात शिंगाळ्यासारखे मासे मिशांनी वाट काढतात. पण पौष-माघात, जेव्हा पाणी निवळ असायला हवं आणि काठाच्या शेवाळावर ऊन पडायला हवं, तेव्हाचा गढूळपणा वेगळा. शेवाळ मेलं की शेवाळखाऊ मासा जातो, मग त्याच्यावर जगणारा.

पहाटे चारचा ऑक्सिजन

आता प्रदूषणाकडे येऊ. इथे सगळा खेळ ऑक्सिजनचा आहे.

मासा पाण्यातल्या एच-टू-ओमधला ऑक्सिजन काढून घेत नाही. हवेतला ऑक्सिजन पाण्यात विरघळतो, तो मासा कल्ल्यांनी ओढतो. हा विरघळलेला ऑक्सिजन फार थोडा असतो. २० अंश तापमानाच्या पाण्यात जास्तीत जास्त लिटरमागे ९ मिलिग्रॅम, आणि ३० अंशांना साडेसात. सांगलीच्या उंचीवर हे आकडे आणखी थोडे खाली येतात. सोड्याची बाटली उन्हात ठेवली की तिच्यातला वायू निघून जातो, तसंच हे. पाणी तापलं की वायू त्यात टिकत नाही. आणि नेमकं त्याच वेळी माशाचं शरीर तापून त्याला ऑक्सिजन जास्त लागतो. मार्च ते मे या तीन महिन्यांत नदीतला मासा असा दोन्हीकडून दाबला जातो. बहुतेक माशांना सुखाने राहायला लिटरमागे ५ मिलिग्रॅम तरी हवा. तीनच्या खाली ते वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. दोनच्या खाली बहुतेक जाती तग धरत नाहीत.

‘बहुतेक’ म्हणायचं कारण मरळ. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा साठवायची पोकळी असते. ती पृष्ठभागावर येऊन सरळ हवा घेते. मांगूरलाही अशीच सोय आहे. त्यामुळे पाण्यातला ऑक्सिजन संपला तरी हे मासे मरत नाहीत. एखाद्या डबक्यात किंवा नाल्याच्या तोंडाशी फक्त मरळ आणि मांगूर मिळत असतील, तर तिथे पाणी बरं आहे असा अर्थ काढू नये. उलट अर्थ काढावा.

ऑक्सिजन खातं कोण? मुख्यतः जीवाणू. सांडपाणी, मळी, कुजलेली जलपर्णी, काहीही सेंद्रिय नदीत पडलं की जीवाणू ते खायला धावतात आणि खाताना ऑक्सिजन वापरतात. किती वापरतील त्याचं माप म्हणजे बीओडी. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरमागे दोनशे-तीनशे मिलिग्रॅम असतो. प्रक्रिया करून नदीत सोडायच्या पाण्यासाठी मर्यादा ३० ची आहे. आणि साखर कारखान्याशेजारच्या आसवनीतून निघणारं प्रक्रिया न केलेलं स्पेंट वॉश, ज्याला बातम्यांत ‘मळीमिश्रित पाणी’ म्हणतात, त्याचा बीओडी चाळीस-पन्नास हजारांच्या घरात असतो.

हे नुसतं वाचून अंदाज येत नाही, म्हणून गणित करू. ४५ हजार बीओडीचं एक लिटर पाणी पूर्ण कुजायला ४५ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. नदीच्या एका लिटरमध्ये आहे ७ मिलिग्रॅम. म्हणजे एका लिटरला सुमारे ६,४०० लिटर नदीचं पाणी रिकामं करावं लागेल. दहा हजार लिटरचा एक टँकर रात्री पुलावरून ओतला, तर ६ कोटी ४० लाख लिटर पाण्यातला ऑक्सिजन खाण्याची ताकद त्याच्यात आहे. प्रत्यक्षात हे कुजणं काही दिवस चालतं आणि दरम्यान नदी हवेतून नवा ऑक्सिजन घेत राहते, म्हणून हिशोब इतका सरळ नसतो. पण नदी नवा ऑक्सिजन घेते तो खळाळातून, पाणी उसळतं तिथून. बंधाऱ्यामागच्या सपाट पाण्यात हे फारच हळू होतं. म्हणजे आधी सांगितलेला बंधारा आणि आत्ता सांगितलेली मळी या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत. एकाने नदीचा श्वास मंद केला, दुसरी गळा आवळते.

गळीत हंगाम साधारण दिवाळीच्या सुमाराला सुरू होतो आणि मार्चपर्यंत चालतो. म्हणजे नदी आटत जाते तेव्हाच त्याचा भार शिगेला पोचतो. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीजवळ कृष्णेत मोठ्या संख्येने मासे मेले, तेव्हाही वेळ हीच होती. दुसरी धोक्याची वेळ म्हणजे पहिला मोठा पाऊस. नाल्यांमध्ये महिनोन् महिने साठलेली घाण एका रात्रीत नदीत येते. नदीला अजून पूर आलेला नसतो, त्यामुळे ती घाण पातळ व्हायला पाणीही नसतं. जून-जुलैमध्ये ‘नवं पाणी आलं आणि मासे मेले’ असं ऐकू येतं, त्यात पावसाचा दोष नसतो.

आता पहाटेचं. हिरव्या झालेल्या पाण्यात सूक्ष्म शेवाळ भरपूर असतं. उसाला घातलेला युरिया आणि स्फुरद निचऱ्यातून नदीत येतो, सांडपाण्यातूनही येतो, आणि शेवाळ त्यावर पोसतं. दिवसा ऊन असतं तोवर हे शेवाळ ऑक्सिजन तयार करतं. दुपारी दोनला मोजलं तर आकडा दहा-बाराही दिसेल, म्हणजे ओढ्याच्या स्वच्छ पाण्यापेक्षा जास्त. सूर्य मावळला की तेच शेवाळ, मासे आणि जीवाणू सगळे मिळून ऑक्सिजन वापरायला लागतात. रात्रभर आकडा उतरत जातो आणि सूर्योदयाच्या जरा आधी तळ गाठतो. मेलेले मासे सकाळी फिरायला जाणाऱ्यांना दिसतात, ते यामुळे. विषच टाकलं असणार, असा संशय लोक घेतात. कधी तो खराही असतो. पण नुसत्या शेवाळाने आणि ढगाळ दिवसाने रात्रीत मासे मरू शकतात.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. नदीचा नमुना कार्यालयीन वेळेत, अकरा-बाराला घेतला, तर ऑक्सिजन चांगलाच दिसणार. अहवाल खोटा नसतो, वेळ चुकीची असते.

सामू आणि अमोनिया

हा भाग थोडक्यात. आपला सगळा प्रदेश काळ्या पाषाणाचा, त्यामुळे नदीचं पाणी मुळातच किंचित अल्कधर्मी, सामू (म्हणजे पीएच) आठच्या आसपास. माशांना ते चालतं. अडचण येते सांडपाण्यातल्या अमोनियाबरोबर. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, एक बऱ्यापैकी निरुपद्रवी आणि एक विषारी. २५ अंश तापमानाला सामू सात असेल तर विषारी भाग एक टक्क्याहून कमी, आठ असेल तर पाच टक्के, नऊ झाला तर तिसऱ्या हिश्शाहून जास्त. दुपारच्या उन्हात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि सामू चढतो. म्हणजे हिरव्या पाण्यातला मासा रात्री ऑक्सिजनसाठी झगडतो आणि दुपारी अमोनियाशी. लहान पिल्लांना याचा फटका आधी बसतो.

क्षारांचंही एक आहे. सांगली जिल्ह्यात कृष्णा-वारणाकाठच्या किती तरी जमिनी अति पाण्याने क्षारपड झाल्या. त्यांचा निचरा चरांतून शेवटी नदीतच येतो. पुरात याने माशाला फारसं काही होत नाही. पण उन्हाळ्यात नदीत निचऱ्याचाच वाटा मोठा झाला की पाण्याचा स्वभाव बदलतो, आणि काटक जातींना आणखी एक संधी मिळते.

धरणं आणि अडलेली वाट

कोयना मोठी मजेशीर नदी आहे. महाबळेश्वरला कृष्णेच्या शेजारीच उगम पावते, सह्याद्रीला समांतर दक्षिणेला जाते, हेळवाकला पूर्वेकडे वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. तिच्यावरच्या धरणात १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. त्यातलं दर वर्षी ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी बोगद्यांतून पश्चिमेला, पोफळीकडे, वीज करायला नेण्याची मुभा आहे. ते वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जातं. पूर्वेला सोडलं जाणारं पाणी पायथा वीजगृहातून आणि सिंचनाच्या मागणीनुसार येतं.

म्हणजे सांगलीच्या माशांच्या उन्हाळ्याचं वेळापत्रक कोयनानगरला ठरतं. मागणी आली की पाणी सुटतं, थांबली की थांबतं. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना हेच पाणी दुष्काळी तालुक्यांना उचलून देतात, आणि तिथल्या लोकांची गरज कुणी नाकारू नये. पण पाणी सोडायला उशीर झाला की सांगलीत पात्र उघडं पडतं, मासे खड्ड्यांत कोंडले जातात, आणि मग ते पकडायला झुंबड उडते. दोन दिवसांनी पाणी येतं. तोवर त्या खड्ड्यातली एखादी जात संपलेली असते.

खोल धरणात आणखी एक गोष्ट घडते. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, खालचं गार राहतं, दोन थर मिसळत नाहीत आणि खालच्या थरातला ऑक्सिजन कमी होत जातो. असं पाणी तळाकडून सोडलं तर धरणाच्या लगेच खाली नदीला एकदम गार, ऑक्सिजनला दरिद्री पाणी मिळतं. किती तरी मासे पाण्याच्या तापमानावरून आणि वाढत्या प्रवाहावरून अंडी घालायची वेळ ओळखतात. त्यांना चुकीचा इशारा जातो.

धरण-बंधाऱ्यांनी वाट अडते हे तर उघडच आहे. मृगाचा पाऊस लागला की चढणीचे मासे ओढ्यांकडे, भातखाचरांकडे निघतात. जावळी-पाटणकडे हे घरोघरी माहीत आहे. हे मासे पोटात अंडी घेऊन चढत असतात. त्यांना वाटेत भिंत लागली तर ते तिथेच अडतात, आणि भिंतीच्या खालीच जाळं लावलेलं असतं. ऑक्टोबरात उलटं. वरून पिल्लं खाली यायच्या वेळी बरगे बसतात.

सगळ्यात लांबचा प्रवासी अहेर. सापासारखा दिसणारा हा मासा समुद्रात जन्मतो आणि पिल्लं नदीतून वर चढून येतात. कृष्णा मिळते बंगालच्या उपसागराला, आंध्रात. तिथून आपल्याकडे यायचं तर प्रकाशम, नागार्जुनसागर, श्रीशैलम, आलमट्टी ही नुसती मोठी नावं झाली. नागार्जुनसागरची भिंत शंभर मीटरहून उंच आहे. अहेर ओल्या खडकावरून सरपटत चढू शकतो, म्हणून त्याची ख्याती आहे, पण या भिंतीपुढे तीही अपुरी.

रिकाम्या घरात येणारे पाहुणे

नदी एकसारखी संथ, कोमट आणि हिरवट झाली की तिच्यात कोण येतं? चिलापी. मूळची आफ्रिकेची, भारतात १९५२ साली आणलेली. ती गोट्यांत अंडी घालत नाही. मादी अंडी तोंडात घेऊन फिरते आणि पिल्लं तिथेच वाढवते. त्यामुळे तळाला गाळ असो की काही असो, तिला फरक पडत नाही. वर्षातून अनेकदा विते. ऑक्सिजन कमी झाला तर पृष्ठभागालगतचं पाणी घेऊन तग धरते. महसीरला जे जे मारतं ते चिलापीला चालतं, इतकं साधं आहे. तिने स्थानिक माशांना हुसकावलं हे खरं, पण बऱ्याच ठिकाणी घर आधीच मोकळं झालं होतं.

कटला, रोहू, मृगळ हे आपल्याला इतके ओळखीचे झालेत की ते गंगेकडचे आहेत हे सांगावं लागतं. धरणांत आणि तलावांत त्यांची बोटुकली सोडली जाते. त्यावर अनेक कुटुंबांचं पोट आहे, मी त्याविरुद्ध नाही. पण ‘जलाशयात मत्स्यबीज सोडलं, मासे वाढले’ ही बातमी विविधतेची नसते, उत्पादनाची असते. डास मारायला सोडलेले गप्पी, मत्स्यटाकीतून कंटाळून टाकलेले सकर, केंद्राने २००० सालीच बंदी घातलेला आफ्रिकन मांगूर, असे बाकीचे पाहुणे वेगवेगळ्या दारांनी आले.

पूर याला थोडा धक्का देतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फुटांची. माणसांसाठी ती आपत्तीच होती. नदीसाठी मात्र पूर म्हणजे तळाचा गाळ धुऊन जाणं, बंधारे पाण्याखाली जाऊन वाट मोकळी होणं, काठच्या पसरलेल्या उथळ पाण्यात पिल्लांना खाणं मिळणं. अडचण एवढीच की त्याच पुरात शेततळी फुटतात आणि त्यातले पाळलेले मासेही नदीत येतात.

काय करता येईल, तर काही गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. ओळीतल्या प्रत्येक बंधाऱ्याचे सगळे बरगे एकदम न घालता, मधले एखाददोन बंधारे उशिरा भरले, तर पिल्लांना खाली यायला वेळ मिळतो आणि काही खळाळ तरी हिवाळाभर जिवंत राहतात. मृगातल्या पहिल्या पंधरवड्यात ओढ्यांच्या तोंडाशी जाळी न लावणं हे गावपातळीवर ठरू शकतं. असं राखणं आपल्याला नवं नाही. ज्या महाबळेश्वरला कृष्णा उगम पावते, तिथूनच निघणाऱ्या सावित्रीच्या खोऱ्यात, महाडजवळ वाळणकोंडीला, महसीर देवीचे मासे म्हणून पिढ्यान् पिढ्या राखले गेलेत. लोक त्यांना हाताने खाऊ घालतात, पकडत नाहीत. तिथे डोह आहे, वाहतं पाणी आहे आणि मासे आहेत. जिलेटिनचा स्फोट करून मासे मारणाऱ्यांचं काय, हा प्रश्न पोलिसांचा आहे, पर्यावरणाच्या अभ्यासकाचा नव्हे.

आणि मोजणं. वाई, सातारा, कराड, सांगली इथल्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकवलं जातं. नदी चालत जाण्याच्या अंतरावर आहे. एक जागा धरणाच्या वर, एक दोन बंधाऱ्यांच्या मध्ये, एक शहराच्या खाली, आणि सोबत जाळं टाकणारा एखादा जुना भोई, कारण बारीक मासे ओळखण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. उन्हाळ्यात एकदा, मृगात एकदा, दिवाळीनंतर एकदा. वहीत तारीख, ठिकाण, पाण्याचं तापमान, सूर्योदयाआधीचा ऑक्सिजन आणि प्रत्येक जातीचे किती मासे मिळाले, एवढे रकाने पुरेत. वजनाचा रकाना नसला तरी चालेल.